चौथी खुर्ची

दादा,

मी कामावर निघाले. आज पोरींना हॉटेलात तूच ने. भुकेने किरकिरायच्या आधीच निघा. कोपऱ्यातलं टेबल धर, गेल्या गेल्या त्यांचं जेवण सांग आणि ते येईपर्यंत कागदी रुमालांच्या होड्या करत बसा, म्हणजे त्या हॉटेल डोक्यावर घेणार नाहीत.

वेटर चौथी खुर्ची न्यायला आला तर नेऊ देऊ नकोस. वहिनी गेल्यापासून धाकटी तिथे एक होडी ठेवते आणि तिच्याशी गप्पा मारत ताट चाटूनपुसून साफ करते. तिला दटावू नकोस. आताशा मीसुद्धा त्या खुर्चीला "येते गं" म्हणूनच उठते.

घरात तू वहिनीचं नाव काढू देत नाहीस. म्हणून पोरी तिला भेटायला हॉटेलात जातात.