साठच्या पुढे न जाणारी गाडी

गुरुवार, संध्याकाळ. म्हैसूर.

साठ. गाडी साठच्या पुढे जाईना, मागून बसवाले हॉर्न मारत, म्हणून चार महिने मी हुणसूरला ताईकडे गेले नाही. वीस वर्षं आमची गाडी बघणाऱ्या नागराजनं तीनदा तपासून सांगितलं, “वयस्सायतु, अम्मा.” वय झालं म्हणे. ह्यांच्या मागे राहिलेली गाडी, मी विकायलाही निघाले होते.

आज बोगादीच्या गॅरेजमधल्या मुलीनं लॅपटॉप जोडला. “आंटी, इंजिन ठणठणीत आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी साठची मर्यादा घातलीय.”

नागराजला फोन केला. म्हणाला, “रोहितनं सांगितलं होतं, अम्मा. तुमच्या काळजीनं.”

माझा मुलगा! आणि नागराज, ज्याला दर आयुधपूजेला मी हातचे बेसनलाडू देते. खोटं बोलताना बॉनेटवरून किती मायेनं हात फिरवत होता. मला विचारलं असतं तर? कदाचित साठ मीच कबूल केले असते.

मर्यादा काढून घेतली. आत्ता रोहितचा फोन. “आई, गाडी कशी आहे?”

“वय झालं रे तिचं,” म्हटलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनंतर इतकं सफाईदार खोटं कुणाशीच बोलले नव्हते.

उद्या सकाळी ताईकडे.