खडकावरचं नवं घर आणि मास्तरीणबाईंचं जुनं

ती. आउलिक्कीताईस,

ताउनोचा नमस्कार. एन्सिओ भावोजींचा गुडघा आता वाकतो का, की अजून जिना उलटाच उतरतात? त्यांना माझा नमस्कार सांग. तुला मात्र मी रागाने लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

तुझ्या साठीला, सगळ्या नातेवाइकांसमोर, दालचिनीचा पाव खाता खाता तू मला म्हणालीस, "ताउनो, तीस वर्षांचा विचार कर. मास्तरीणबाईंचं जुनं घर विकाऊ आहे, ते घे. छप्पर बदल, वायरिंग बदल, नळ बदल, तरी बांधण्यापेक्षा स्वस्तच पडेल." हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलंही असतं. पण तू ते 'टोपी घाल, कान झाक' म्हणायचीस त्याच आवाजात सांगितलंस. (मी तेव्हा एकावन्न वर्षांचा होतो.) मग मी शेजारचाच रिकामा प्लॉट घेऊन बांधायला काढणार नाही तर काय करणार? जुन्या घरात दर वर्षी काहीतरी कुजतं, नव्याला तीस वर्षं हातोडा लावावा लागत नाही, हे माझं गणित. कागदावर ते अजूनही बरोबर आहे.

पण कागदाखाली खडक नव्हता, प्लॉटखाली होता. सुरुंग लावावे लागले, आणि तिसऱ्या सुरुंगाला मास्तरीणबाईंच्या घराची विटांची चूल वरपासून खालपर्यंत तडकली. भरपाई कुणी दिली? मी! जे घर मी घेतलं नाही, त्याची दुरुस्तीही मीच केली. हे तुझ्या तीस वर्षांत कुठे धरलं होतंस?

मग रीतीप्रमाणे आधी वाफेच्या अंघोळीचा सौना बांधला, आणि घर होईपर्यंत आम्ही नवराबायको त्यातच राहिलो. दोन हिवाळे, ताई! राइली वरच्या बाकावर झोपायची, मी खालच्या. दर शनिवारी सौना तापवायचा म्हणजे गाद्या, कपडे, रेडिओ, सगळा संसार बर्फात मांडायचा आणि अंघोळी झाल्या की परत आत. राइली एका शब्दाने बोलली नाही. (मला वाटलं, तिला आवडतंय.) मार्चमध्ये पालिकेचा तपासनीस आला आणि जिना दोन बोटं जास्त चढा आहे, काढून टाका म्हणाला. मी त्याच्याशी तासभर भांडलो. तेवढ्यात राइलीने कोट चढवला, कॉफीची किटली उचलली आणि निघाली. "कुठे?" म्हटलं, तर म्हणाली, "शेजारी. माझ्या आत्याने माझ्या नावे ठेवलेल्या पैशांतून मास्तरीणबाईंचं घर घेतलंय मी. तुझं भांडण चालू दे."

आता माझ्या काच नसलेल्या खिडकीतून मला रोज तिच्या धुराड्याचा धूर दिसतो. कुठल्या चुलीचा? मी पैसे भरलेल्या! गुरुवारी तर वाटाण्याच्या सुपाचा वाससुद्धा येतो. हा अन्याय आहे, आणि त्याच्या मुळाशी तू आहेस. मी मात्र जागचा हलणार नाही. तत्त्वासाठी इथे एकटा राहतोय, आणि मजेत आहे.

तुझा धाकटा,
ताउनो

ता. क. राइली तुझं ऐकते. तिला फोन कर आणि, आपणहून सुचल्यासारखं, विचार की माणसाने एकट्याने सौनाच्या बाकावर झोपणं बरं दिसतं का. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. २. वन्सं, हे मी राइली लिहितेय. पत्र टपालात टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं, पाकीट न चिकटवता. मंगळवारी चूल तपासायला म्हणून आला, तो अजून तपासतोच आहे. झोपतो चुलीशेजारी, सूप दोनदा घेतो. मला बरं वाटतंय, पण त्याला सांगू नका. फक्त काल जेवताना म्हणाला, मागची भिंत पाडून खोली वाढवू या. मोजपट्टी मी लपवली आहे, पण ही युक्ती किती दिवस पुरणार? तेव्हा आजच फोन करा आणि त्याला ठणकावून सांगा, की भिंत पाडलीच पाहिजे.