बाहेरून उघडणारं दार

८ डिसेंबर २००२, रविवार

काल साहेबांनी टेबलाशी बोलावून हळूच सांगितलं — बढतीच्या यादीत माझं नाव आहे! अनुरेखकाची आरेखक होणार. नांदेडला. नऊ वर्षं दुसऱ्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर उतरवले, आता स्वतः काढायचे.

घरात बोलले नाही. फक्त इथं लिहितेय. ऑर्डर हातात आली की बघू. माझा पगार जास्त हे ह्यांना शाळेतले मास्तर लोक हसत हसत ऐकवतात. मग हे दोन-दोन दिवस बोलत नाहीत. तेव्हा मी भांडीसुद्धा आवाज न करता ठेवते.

१० डिसेंबर

ह्यांनी गाडी आणली! हट्टा गावच्या एका डॉक्टरांची जुनी, पांढरी. सासूबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते) बोनेटला हात लावला — "भीमराजा, गरम हाय की रं!"

माझ्या बाजूचं पुढचं दार आतून उघडत नाही. हे उतरतात, वळसा घालून येतात, बाहेरून उघडतात, मग मी उतरते. शेजारची आशाबाई म्हणाली, "नशीब काढलंस बाई! माझा नवरा सायकलवरून बी उतरू देत न्हाई नीट."

१२ डिसेंबर

आकांक्षाला ताप. रजा टाकली. हे म्हणाले, "तू बस लेकरापाशी. अर्ज मी देऊन येतो हापिसात." बरं वाटलं. किती दिवसांनी!

१४ डिसेंबर

ताप उतरला. उद्या औंढा! ते जुनं काळ्या दगडाचं काम बघायचं माझं कधीचं मनात. आत्या म्हणाल्या, "आपण बुद्धाचे, आपल्याला काहून देऊळ?" हे म्हणाले, "देवाला न्हाई, दगडं पाहाला चाललो. हिला हौस हाय." हसून म्हणाले. खरंच हसून.

१५ डिसेंबर, रविवार

सगळं आजच लिहून काढते. उद्या हात धजेल का माहीत नाही.

वसमतहून आठला निघालो. मागं आत्या आणि आकांक्षा, पुढं मी. रस्त्याला हळदीची पिवळी पडलेली पानं. काच खाली करायला गेले तर हे म्हणाले, "राहू दे, धूळ येते." केली वर.

औंढ्यात सोमवार नसूनही गर्दी. आम्ही बाहेरूनच भिंत बघत फिरलो. काय काम आहे! पायापासून थर वर चढत जातात — हत्ती, माणसं, नाचणाऱ्या बाया. एकही हत्ती दुसऱ्यासारखा नाही. सातशे-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी उन्हात बसून प्रत्येकाची सोंड वेगळी केली. वरचा चुन्याचा भाग नंतरचा, तो लगेच ओळखू येतो. मी वही काढून एक हत्ती काढायला बसले. ह्यांनी घड्याळ पाहिलं. "धा मिनिटं." सोंड झाली, पाय राहिले.

गाडीत बसल्यावर हे समोर बघत म्हणाले, "नांदेडची हवा तुला मानवायची न्हाई."

मी वळून विचारलं, "कोण म्हणालं नांदेड?"

"मी कुठं काय म्हणालो? हवेचं बोललो."

साहेबांनी सांगितलं असेल का? पण ते ह्यांना ओळखतही नाहीत.

दुपारी डोंगरावरच्या एका जुन्या गावाला गेलो. वेशीची दगडी कमान उभी आहे, बाकी तट ढासळलेला. हे उतरले, आकांक्षाला कडेवर घेतलं. मी थांबले, दार उघडतील म्हणून. "बस तू, आलोच," म्हणाले आणि चढून गेले. मागं आत्या घोरत होत्या.

ऊन काचेतून सरळ मांडीवर. ह्यांच्या बाजूच्या दारानं उतरता आलं असतं. उतरून जाणार कुठं? घाम पुसायला फडकं शोधत समोरचा कप्पा उघडला. फडक्याखाली घडी घातलेला कागद. माझा राजीनामा! घरगुती अडचणीमुळे नोकरी सोडत आहे. पोच म्हणून आमच्या कार्यालयाचा आवक शिक्का — १२ डिसेंबर. खाली माझी सही.

सही नव्हे. नऊ वर्षं मी ट्रेसिंग करतेय, मला कळणार नाही? हात चालतो तेव्हा रेघ पळते. ही जागोजाग थांबलेली, थांबली तिथं शाईचा ठिपका. कुणीतरी दातांत जीभ धरून, सावकाश, माझं नाव गिरवलं होतं.

कागद होता तसा ठेवला. वरून फडकं. आकांक्षा कमानीतून हात हलवत होती. मीही हलवला.

घरापर्यंत हे गाणं गुणगुणत होते.

१६ डिसेंबर

कार्यालयात साहेबांनी दार लोटून घेतलं. फाइलमधला कागद बघितला, मग माझ्याकडं. "बाई, सही तुमची नाही असं लिहून दिलं तर चौकशी लागेल. तुमच्या मालकांची नोकरीही जाईल. लिहिता?"

लिहिता आलं नाही.

"मग नुसता मागं घ्या. शुक्रवारी संध्याकाळी फाइल वर जाते, त्याच्या आत. पण मागं घेतला म्हणजे दिला होता हे कबूल करणं आलं. आणि घरी विचारून या."

घरी विचारून!

१७ डिसेंबर

विचारलं. हे जेवत होते. "व्हय, दिला. तुझ्या भल्यासाठी. पोरगी चार वर्षांची, आई थकलेली, आन् तू नांदेडला? लोक काय म्हणतील मला?" मग आमटी मागितली. मी वाढली.

१८ डिसेंबर

काही नाही.

१९ डिसेंबर

दुपारी आत्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकराला ताप व्हता त्या दिशी भीमराज खिडकीच्या काचंवर तुझी वही धरून काय गिरवत व्हता गं? वर दुसरा कागद धरला व्हता. मला वाटलं चित्र काढतोय."

वही. ही वही! पहिल्या पानावर माझं नाव, माझी सही. बोट फिरवलं तर सहीवर दाबल्याची खूण लागते. नांदेडचं मी फक्त इथंच लिहिलं होतं.

आत्यांना सगळं सांगितलं. त्या स्वतःचा अंगठा बघत म्हणाल्या, "माझं बी असंच बोट धरून कागदावर टेकवलं व्हतं. भावानं. काय लिवलंय ते कुनी वाचून दावलं न्हाई. शेत गेल्यावर कळलं." मग — "तू जा बाई. उद्याच जा."

२० डिसेंबर

गेले. राजीनामा मागे घेत आहे, एवढंच लिहिलं. ह्यांची नोकरी राहिली. माझीही.

२ जानेवारी २००३

भीमराज, ही वही तू वाचतोस, म्हणून आज तुलाच लिहिते. ऑर्डर आली. तू शाळेतून परत येशील तेव्हा आम्ही तिघी नांदेडला पोचलेल्या असू. तुझ्या आईला मी बोलावलं नाही. काल रात्री त्यांनीच गाठोडं बांधलं — "लेकराला कोन सांभाळंल?" भाकरी आणि पिठलं झाकून ठेवलंय. ही वही तुझ्याकडंच राहू दे. मी नवी घेईन.