मशीन मळतं, मग तू काय करतेस?

भांडुप, बुधवार

तीर्थरूप वनमालाआत्या,

‘मशीनच मळतं, तर मग तू काय करतेस गो?’ हा तुझा रविवारचा प्रश्न. आत्या, मला उत्तर येत नाही. पाच वर्षं दातांचं शिकले, इंटर्नशिप केली, नावामागे डॉक्टर लागलं, आणि तुझ्या एका प्रश्नाला फोनवर ‘अं’ म्हणून थांबले.

नमस्कार राहिला. वाकून नमस्कार करते. (वाकले की नाही ते तुला दिसत नाही, पण वाकले, आईला विचार.) तुझे गुडघे कसे आहेत? अण्णांचा खोकला गेला का? गॅलरीतल्या मिरचीने जीव धरला का? हे सगळं आत्ताच विचारून घेते, कारण पुढे पत्र दातांवर जाणार आहे, आणि दातांचा विषय निघाला की तुला फोनवर ऐकू येईनासं होतं. म्हणून पत्र. पत्र मध्येच कट होत नाही.

आधी ते मशीन काय ते सांगते. कुणाला दात बसवायचे तर तोंडाचं माप घ्यावं लागतं. ट्रेमध्ये मऊ लगदा भरायचा, तो दातांवर दाबून धरायचा, घट्ट झाला की काढायचा. आत ठसा उमटतो. हा लगदा दोन पेस्ट एकत्र करून होतो. जयंतीमॅडमनी (मुलुंडचा दवाखाना त्यांचा, मी त्यांच्या हाताखाली) त्यासाठी मशीन घेतलं आहे. आत दोन पिशव्या असतात, एक चांगली खात्यापित्या घरची, एक काटकुळी. बटण दाबलं की दोघींमधलं बेतानं पुढच्या नळीत येतं, नळीतली दांडी ते घुसळते आणि एकरंगी लगदा ट्रेमध्ये पडतो. मॅडमनी एकदा दाखवलं आणि विचारलं, कळलं ना? मी हो म्हटलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट असण्याचा हा तोटा आहे. ‘परत सांगा’ म्हणायला तोंड उघडत नाही, सगळं घर मागे उभं राहून ऐकतंय असं वाटतं.

पहिले पेशंट धाकूकाका, आपल्या भांडुपचेच, गिरणीतले. वरचे पुढचे दात गेलेले. मॅडमनी बजावलं होतं की सुरुवातीला शेंगदाण्याएवढं बाहेर येईल ते टाकून दे, तेव्हा दोन्ही पेस्ट प्रमाणात आलेल्या नसतात. पण टाकवेना. आपल्या घरात पातेल्याला चिकटलेली सायसुद्धा बोटानं निपटतात. मी तेही ट्रेमध्ये घेतलं. बाकीचा ठसा झकास घट्ट झाला आणि नेमका तेवढा कोपरा चिकट राहिला. धाकूकाका चूळ भरून म्हणाले, “बाय, तुझा हिमेंट कच्चा रवला.” (सिमेंट म्हणायचं होतं.) तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू घावनं करताना पहिलं तव्यावरून खरवडून बाजूला सारतेस, पाहुण्याच्या ताटात वाढत नाहीस. मॅडमनी ‘घावन’ म्हटलं असतं तर मला पहिल्याच वेळी कळलं असतं.

धाकूकाकांना दुसऱ्या दिवशी परत बोलावलं आणि त्या संध्याकाळी मी जास्तीचा शहाणपणा केला. नियम असा की वापरलेली नळी पुढच्या पेशंटपर्यंत मशीनवर तशीच ठेवायची, ती झाकणाचं काम करते. मला ते उष्टं भांडं ओट्यावर टाकून झोपायला गेल्यासारखं वाटलं. (नळी कुणाच्या तोंडात जात नाही हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग.) मी नळी काढली आणि, तेलाच्या बाटलीचं तोंड पुसून ठेवायची तुझी शिस्त, दोन्ही पिशव्यांची तोंडं पुसली. एकाच फडक्यानं. ज्या दोघींनी फक्त नळीत भेटायचं त्यांची गाठ मी दारातच घालून दिली. सकाळपर्यंत दोन्ही तोंडं दगड झाली.

धाकूकाका खुर्चीत आ वासून. मी बटण दाबलं. मशीन म्हशीसारखं रेकलं आणि गप्प झालं. मॅडम आल्या, पिशव्या बघितल्या.

“कोणी पुसलं?”

“मी.”

“का?”

“आत्यानं शिकवलंय.”

नोकरी गेली असं मी धरून चालले. मग त्या म्हणाल्या, “डब्यातला दोनरंगी लगदा घे, हातानं मळ. हातमोजे काढून, हात धुऊन.” (रबरी मोज्यांनी तो नीट घट्ट होत नाही.) मळायला वेळ थोडा, लगेच आवळायला लागतो. मी मोदकाची उकड मळतात तसा मळला, तळव्याच्या टाचेनं, रेघ दिसेनाशी होईपर्यंत. रेघ राहिली की मोदक फुटतो, असं तू माझ्या हातावर टपली मारून सांगितलं होतंस. ठसा असा आला की मॅडम खिडकीशी नेऊन बघत राहिल्या. कुठे शिकलीस, म्हणाल्या. मी पुन्हा तेच सांगितलं.

“तीच आत्या?”

“तीच.”

“मग पुसलेलं माफ.”

काल धाकूकाकांचे दात बसले. मी आरसा पुढे केला तर त्यांनी बघितलंच नाही, खिशातला फोन काढून घरी लावला आणि म्हणाले, “शेवंती?” त्यांच्या बायकोचं नाव. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ते ‘हेवंती’ यायचं. पलीकडून त्या म्हणाल्या, “कोण बोलताहा?” काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून बसले.

आत्या, बारावीनंतर बाबा ‘आता पुरे’ म्हणाले तेव्हा तू बोरिवलीहून येऊन आमच्या उंबऱ्यात बसलीस आणि ते हो म्हणेपर्यंत चहाला शिवली नाहीस. (तू चहा नको म्हणतेस हे बघूनच ते घाबरले.) मी जी काही आहे ती त्या उंबऱ्यातून आत आलेली आहे. पण तुझे पुढचे दात गेल्यापासून तू मला श्वेता म्हटलेलं नाहीस. ‘बाय’ म्हणतेस. मला वाटायचं डिग्रीचा मान ठेवतेस. काल कळलं.

तुझी,
श्वेता

ता. क. – ‘ह्या वयात माका दात कशाक व्हये’ याचंही उत्तर मला येत नाही. तू शनिवारी ये.

ता. क. २ – अण्णा शनिवारी तुला चष्म्याची दांडी बदलायला म्हणून मुलुंडला आणणार आहेत. तुला काही माहीत नाही असं दाखव. बिचाऱ्यांनी पहिल्यांदाच बेत केला आहे.

ता. क. ३ – विचार करून सांगते म्हणू नकोस. मॅडमना सांगून सकाळची पहिली वेळ तुझ्या नावावर घेतली. मशीनमध्ये पिशव्यांची नवी जोडी बसवली, काही पुसलं नाही, आणि पहिलं घावन काढून टाकलं आहे.