चतकोर भाकरी

प्रिय दीपाली,

साताऱ्याहून बस वेळेवर सुटली, खिडकीजवळ जागा मिळाली, उतरताना पायही मुरगळला नाही. तू घोर लावून घेशील म्हणून आधी एवढं लिहून टाकलं. फोन केला असता, पण मला ऐकू कमी येतं म्हणून मी ओरडून बोलतो आणि तुझी आई शेजारीच बसलेली असते. जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर सांगता येण्यासारखं नाही. सातवीपर्यंतच शिकलेला माणूस मी, कुठं चुकलं तर सांभाळून वाच.

तुझ्या त्या राजेश्वरी डॉक्टरांचं मला अजून नवल वाटतं. औषध लिहायच्या आधी मी काय खातो हे विचारणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला. विश्रामबागेतल्या डॉक्टरांना भाकरी-भात सोडला म्हणून सांगितलं, तर म्हणाले, असली खुळं डोक्यात घेऊ नका, दर दोन तासांनी थोडं थोडं खात जा. मिरजेच्या डॉक्टरांनी तर फाइल माझ्याकडे सरकवली. म्हणाले, मोबाईलवरचा डॉक्टर हवा की मी, ते ठरवा. मग जरा निवळून म्हणाले, सोडायचीच असेल भाकरी तर अंडी तरी खा. मी म्हटलं, आम्ही जैन. कांदा-बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही, अंडं कुठलं? त्यावर ते हसले. आजोबा, मग तुम्ही हवा खाऊन जगणार काय, असं म्हणाले. तुझी आई दोन्ही ठिकाणी माझ्या शेजारीच बसली होती. तिनं सगळं ऐकलं. हे लक्षात ठेव, पुढं लागेल.

पायाची जखम तू पाहिली आहेस. ती चिघळली तेव्हा मला रात्रंदिवस माझा थोरला भाऊ दिसायचा. साखरेपायी आधी त्याचा अंगठा गेला, मग पाऊल, मग तोच गेला. भाकरी-भात कमी केल्यानं साखर उतरते हे तू मोबाईलवर दाखवून समजावलंस तेव्हा पटलं, पण माझं मन पडलं कच्चं. ऊसतोडीच्या दिवसात फडात बसून दोन-दोन भाकरी खाल्लेला माणूस मी. सकाळी ठरवायचं आणि दुपारी ज्वारीच्या वासानं पाट मांडून बसायचं, असं आठवडाभर चाललं. आपल्यात नुसतं बोललेलं टिकत नाही, नियम घेतलेला टिकतो. म्हणून मी देवळात गेलो आणि चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं हात जोडून धान्याचा त्याग घेतला. साखरेचं नाव काढलं नाही. दुखण्यासाठी नियम मागायचा, याची लाज वाटली गं. महाराजांनी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि डोक्यावर मोरपिसांची पिंछी ठेवली.

मागं बायका बसल्या होत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. म्हाताऱ्या माणसानं महाराजांसमोर धान्य सोडलं म्हणजे आपल्या गावात त्याचा अर्थ एकच. त्यांच्या लेखी मी, पायगोंडा, अन्नपाणी सोडून देह ठेवायच्या, सल्लेखनेच्या वाटेला लागलो. दुसऱ्या दिवसापासून माणसं घरी यायला लागली. कुणी पाया पडे, कुणी क्षमा मागे. बांधावरून इतकी वर्षं माझ्याशी न बोलणारा भरतेश आला, पायावर डोकं ठेवून रडला. मी म्हटलं, अरे बाबा, मला नुसती साखर आहे. तो म्हणाला, किती हा साधेपणा, मोठेपणासुद्धा लपवतोस. आता सांग, अशा माणसाला काय समजवायचं? मला हसू येत होतं आणि रडूही.

तुझी आई मात्र स्वयंपाकघरातून हलायची नाही. पनीर, शेंगदाणे, दही, जे मागेन ते पुढं ठेवायची. त्यात अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजीही बंद, मग ताटात उरतं काय? साखर उतरवायची गोळी मात्र पूर्वीचीच चालू. दिवस मावळला की माझे हात थरथरायचे, अंगाला घाम सुटायचा. ती साखरेचा डबा हातात घेऊन उभी राहायची आणि मी मान हलवायचो, सूर्य गेला होता ना. राजेश्वरीबाई म्हणाल्या तसं, कमी जेवणावर तीच गोळी घेऊन मी जिवाशीच खेळत होतो, आणि अशा वेळी साखर तोंडात टाकलीच पाहिजे. त्यांनी संध्याकाळची गोळी बंद केली, जेवण आहे तसंच राहू दे म्हणाल्या आणि रोज साखर तपासून कळवायला सांगितलं. परवापासून थरथर नाही. पण तुझ्या आईनं ते घामाघूम होणं पाहिलं होतं आणि मनात पक्कं धरलं होतं की हे आता निघाले.

खरी गोष्ट आता लिहितो. जीव घट्ट करून वाच. गेले काही दिवस तिच्या ताटात भाकरी नसते. मी विचारलं की म्हणायची, भूक न्हाई. पोलक्याच्या बाह्या ढिल्या झाल्या, आडावरून पाणी आणताना मधेच टेकायला लागली. मी साताऱ्याला निघालो त्या सकाळी सूनबाईनं मला घरामागच्या परड्यात गाठून सांगितलं. मी नियम घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझी आई देवळात गेली आणि तिनंही धान्य सोडलं. तिला ना साखर, ना दुखणं. माझ्या मागं राहायचं नाही, एवढंच.

साताऱ्याहून आल्यावर मी तिला डॉक्टरांचा कागद दाखवला. हे औषधच आहे राजमती, म्हटलं. तिनं कागद घडी करून परत दिला. म्हणाली, "आवं, मला कशाला फसवताय? म्हातारपणी भाकरी सोडा म्हणणारा डाक्टर आसतो व्हय? दोन डाक्टर माज्यासमोर न्हाई म्हणालं. तुमी बाप-लेकीनं मिळून तिसरा शोधलाय." एवढं बोलून शेंगदाणे निवडत बसली.

दीपाली, महाराज दिवाळीनंतर विहार करून पुढच्या गावी जातील. ते गावात आहेत तोवर मी त्यांच्यापुढं जाऊन खरं काय ते सांगणार आहे आणि प्रायश्चित्त घेऊन माझा नियम सोडवून मागणार आहे. लाजेचं काय ते होईल. पण मी तोंडानं सांगून ती खाणार नाही, मी तिला चांगला ओळखतो. मी खाताना दिसलो तरच ती खाईल. म्हणून हे पत्र. राजेश्वरीबाईंकडं जा. त्यांच्यासारखी डॉक्टर शोधायला आपल्याला इतके दिवस लागले, त्यांचा शब्द मला मोडायचा नाही आणि पायही गमवायचा नाही. तेवढं एकच विचार: तिच्यासमोर बसून एक दिवस ज्वारीची भाकरी खाल्ली तर चालेल का? अख्खी नको. अर्धीही नको. चतकोर. उरलेली तीन चतकोर मी तिच्या ताटात ठेवीन. त्या हो म्हणाल्या तर लगेच फोन कर आणि फोनवर नुसतं चालेल एवढंच म्हण, तुझी आई शेजारीच असेल.

तुझाच,
आप्पा