पयल्या खेपेचा नकार

॥ जय सेवालाल ॥

तांडा, फुलसावंगीजवळ
६ ऑक्टोबर २०२५

ती. उत्तमसिंग दादाले रुपीचा शि. सा. न.

तुले फोनवर ऐकू येत नाही, अन् मी ओरडून बोलली का तांड्यातल्या चार घरायले आपल्या घरचं समजते. मागच्या वेळी तुझ्या गुडघ्याचं विचारलं, तं शेजारची तानाबाई तेलाची शिशी घेऊन हजर. म्हणून पत्रच बरं. तिसरीपर्यंत मले तूच शाळेत ओढत नेलं, आता माझ्या चुका बी तूच वाच.

सोयाबीन निघालं. कपाशी फुटायची आहे. अंजूच्या बापूची पाठ धरली आहे म्हणे, पण पानठेल्यापर्यंत सरळ चालत जाते.

आता अंजूचं. पुसदले रक्त तपासायचा कोर्स करून पोरीले सव्वा वर्ष झालं. घरी बसली म्हणतात लोक, पण बसली कुठं, माझ्यासंगं वावरात वाकून राह्यली. तिनं आता मोबाईलमध्ये एक ठेवला आहे. माणूस नाही, मशीन आहे, एआय म्हणतात त्याले, पण बोलते माणसावानी. कुठं जागा निघाली ते तोच पाहते, अर्ज तोच लिहिते, उत्तर आलं तं वाचून दाखवते अन् काय कळवू म्हणून विचारते. मी त्याले कारभारी म्हणते. आपल्या तांड्याचा कारभारी दिवसभर पारावर बसून दोन कामं करते. यानं चाळीस अर्ज केले अन् च्या बी मागितला नाही.

पण मले त्याचा राग येते. लय गोड बोलते. बारा जागून नकार आला, तरी दरवेळी म्हणते निराश होऊ नका. मी म्हटलं, तू नको शिकवू, तुले पोट आहे का. तं म्हणे नाही, मला पोट नाही. तेवढं खरं बोलला.

आता नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याचं चालू आहे. मोबाईलवरच मुलाखत झाली. तांड्यात चांगली रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. अंजू तिथं उभी राहून बोलली अन् मी अर्धा तास तानाबाईच्या बकरीचं तोंड दाबून धरलं. राहायले खोली बी देतात म्हणे. पोरीच्या मनात आता दुसरं काहीच नाही. तिनं पेटी धुऊन उन्हात ठेवली.

आम्ही वावरात असलो का फोन वाजून बंद होते. दोन बोलावणी अशीच गेली. म्हणून अंजूनं त्याले सांगून ठेवलं, मी नसली तं याडीले विचार, माय म्हणंल ते कळव. आता मी बी कारभाऱ्याची मालकीण झाली.

वहिनीले नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे, जास्त नको, मले सवय नाही.

तुझी
रुपी

नेर
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रुपीस उत्तमसिंगचे अ. उ. आ.

बत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. आता माझ्या दारी पत्र येतं तेव्हा आमचा नवा पोस्टमन संघर्ष सायकलवरून न उतरताच आत फेकतो. माझ्या वेळी असं चाललं नसतं. तुझं पत्र तुझ्या वहिनीला, पुष्पाला वाचून दाखवलं. बकरीच्या ठिकाणी ती एवढी हसली की मलासुद्धा ऐकू आलं.

अंजूचं वाचून बरं वाटलं. एक मात्र ध्यानात ठेव. मुलगी मागणारे असोत की नोकरी देणारे, समोरचा गरजू दिसला की भाव पाडतात. आमच्या बबिताच्या वेळी आठवतं ना, पहिल्या खेपेला आपण नाही म्हटलं, दुसऱ्या खेपेलाही नाही, आणि तिसऱ्या खेपेला पाहुणे स्वतः गाडी घेऊन आले. पहिल्याच खेपेला हो म्हटलं असतं तर आजही सासूनं तिला ऐकवलं असतं. आपली अंजू हिरा आहे. उतावळेपणा दाखवू नका.

तुझ्या कारभाऱ्याला माझा जय सेवालाल सांग. पोट नसलं तरी त्याला कान आहेत, म्हणजे माझ्यापुढेच आहे तो.

अंजूच्या बापूंना, भारतरावांना नमस्कार. भावाची आठवण अशीच शाईत भिजत राहो.

तुझा
उत्तमसिंग

॥ जय सेवालाल ॥

तांडा, फुलसावंगीजवळ
१ नोव्हेंबर २०२५

ती. दादाले रुपीचा शि. सा. न.

बातमी अशी आहे का पत्र आधी वहिनीले वाचायले देजो अन् तू पाणी पिऊन घेजो.

परवा गुरुवारी अंजू अमरावतीले सरकारी परीक्षेले गेलती. तिथं मोबाईल आत नेऊ देत नाही, म्हणून माझ्यापाशी ठेवून गेली. मी कपाशीत होती, कमरेले बांधलेला. अकरा वाजता कारभारी बोलला. नागपूरवाल्यायनं अंजूले घेतलं. शनिवारपर्यंत हो का नाही ते कळवा म्हणाले. हो कळवू का म्हणून मले विचारलं.

दादा, हो माझ्या दातापर्यंत आलं होतं. मग तुझं पत्र आठवलं. मी म्हटलं, नाही म्हण.

तं तो म्हणते, नकार कळवला तर ही जागा दुसऱ्याला जाऊ शकते, शनिवारपर्यंत वेळ आहे, अंजू येईपर्यंत थांबू का. मी तापली. आपला कारभारी असता तं एका शब्दात समजला असता. पोरीकडचे नाही म्हणतात म्हणजे अजून एकदा या, हे त्याले कोणी शिकवा लागते का. तो बरोबर जाऊन सांगते, पोरीची आत्या गावाले गेली, आठ दिवसानं या. आपल्या बापूनं माझ्या सासरच्यायले दोनदा वापस लावलं नव्हतं का. ह्या मशीनले एवढी बी रीत ठाऊक नाही. मी म्हटलं, मी तिची माय आहे, सांगितलं ते कर. मग केलं त्यानं.

अंजूले मी सांगितलं नाही. दुसऱ्यांदा मागतील तवा एकदमच सांगन. मले तिचं तोंड पाह्यचं आहे. ती आल्यापासून गप आहे, पेपर अवघड गेला असंल.

तुझ्या अक्कलेनं पोरीचा मान राह्यला. असाच सल्ला देत जा.

तुझी
रुपी

नेर
६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपीस आशीर्वाद.

हे पत्र मिळेल तेव्हा हातात असेल ते काम टाक आणि अंजूला सगळं सांग. आजच सांग.

नोकरीला दुसरी खेप नसते, रुपी. बत्तीस वर्षांत मी किती नेमणुकीची पत्रं दारोदारी दिली. ज्यानं नाही लिहिलं, त्याच्या दारी त्याच कचेरीचं दुसरं पत्र मी कधी नेलं नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तुला सोयरिकीची गोष्ट लिहिली. मिशीला पीळ देत लिहिली. तू मशीनला नावं ठेवतेस, पण त्यानं तुला एकदा तरी थांबवलं, मी एकदाही नाही.

कारभाऱ्याकडून ताबडतोब लिहून घे की चूक झाली, मुलगी यायला तयार आहे. दोष मामाचा आहे असं लिही.

बबिताला फोन करायला लावला होता. अंजूनं उचलला. बबिता घाबरली आणि दिवाळी कशी झाली एवढंच विचारून तिनं ठेवून दिला. माझ्या कानांनी आज माझा घात केला.

तुझा
उत्तमसिंग

तांडा, फुलसावंगीजवळ
१९ नोव्हेंबर २०२५

ती. दादाले रुपीचा नमस्कार.

तुझं पत्र मागच्या मंगळवारी भेटलं. वाचून मी वावराच्या धुऱ्यावरच बसली.

अंजू विहिरीवर गेल्यावर कारभाऱ्याले म्हटलं, लिही. त्यानं लिहिलं. पोरीची चूक नाही, माय अडाणी आहे, मायनं नाही म्हटलं. तो म्हणे अडाणी हा शब्द काढू का. मी म्हटलं राहू दे. मामाचं नाव मी टाकलं नाही, सल्ला तुझा असला तरी नाही मीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. जागा भरली, पुढं निघाली तं विचार करू. मी म्हटलं पुन्हा लिही. पुन्हा लिहिलं. त्याले उत्तर नाही. आता मी रोज दुपारी विचारते, त्या दवाखान्याच्या बाईनं काही कळवलं का. रोज म्हणते, नाही, अजून काही आलेलं नाही. गोड आवाजातच म्हणते.

मी त्याले शिव्या दिल्या. काहून ऐकलं माझं म्हटलं. तं म्हणे, अंजूनं तुमचं ऐकायला सांगितलं होतं, पण मी तिची वाट पाहायला हवी होती, माझंही चुकलं. आता जो आधीच चुकलं म्हणते त्याच्यासंगं भांडू तरी काय. वरून सांगते का तुम्हीच अंजूला सांगा, तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

पण ती विचारतच नाही दादा. आधी दिवसातून दहादा नागपूरचं पाहे. आता मोबाईल माझ्यापाशी टाकून सरळ वावरात जाते. पेटी खाटेखाली गेली. कोणी ठेवली ते बी मले ठाऊक नाही.

मी तांड्याच्या नायकाच्या तोंडावर बोलणारी बाई, अन् पोटच्या पोरीसमोर मले शब्द फुटत नाही. आठ दिवस झाले, रोज ठरवते, अन् रोज भाकरीचं काहीतरी बोलून उठते. तू शिकलेला आहे, काही युक्ती असंल तं कळव. नसंल तं तसं बी कळव.

रुपी

तांडा, फुलसावंगीजवळ
२४ नोव्हेंबर २०२५

ती. मामांना अंजूचा सा. न. वि. वि.

हे पत्र याडीला कळू देऊ नका. दिवाळी होऊन पंधरा दिवसांनी बबिताताई दिवाळी कशी झाली म्हणून फोन करते, तेव्हाच मला समजलं की तुम्हालाही माहीत आहे.

मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मोबाईलमध्ये सगळं लिहून राहतं. याडी काय बोलली, त्यानं किती वेळा विचारलं, सगळं. मी टाकीपाशी जाऊन लगेच दवाखान्यात फोन केला. मॅडम चांगल्या बोलल्या. नकार मिळाल्यावर दुपारीच त्यांनी पुढच्या मुलीला विचारलं आणि ती हो म्हणाली होती. त्यांचंही काही चुकलं नाही.

मी तावातावानंच घरी आले. याडी पाट्यावर मिरची वाटत होती आणि तानाबाईला बबिताताईच्या सोयरिकीची गोष्ट सांगत होती, तिसऱ्या खेपेला पाहुणे कसे गाडी घेऊन आले ते. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नाही मामा. मी घागर उचलून पाण्याला गेले. मग एक दिवस गेला, दुसरा गेला. आता सांगितलं तर इतके दिवस काहून लपवलं म्हणेल.

मी रोज संध्याकाळी तिचं दुपारचं बोलणं वाचते. ती विचारते, तो नाही म्हणतो. परवा तिनं विचारलं की माझ्या पोरीले दुसरीकडं अशीच जागा भेटंल का. त्यानं लिहिलं, मी शोधत राहीन, पण खात्री देऊ शकत नाही. मग कोण देऊ शकते, असं तिनं विचारलं. त्याच्या खाली त्यानं काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

माझ्या गैरहजेरीत तिचं ऐक, असं त्याला मीच सांगितलं होतं. ते आता काढून टाकता येतं. पण काढलं तर तो तिला उत्तर देणार नाही आणि तिला कळेल की मला कळलं आहे. म्हणून तेही करता येत नाही.

मामींना नमस्कार. भाचीवर लोभ आहेच, तो थोडे दिवस गुपचूप असू द्या.

आपली
अंजू

तांडा, फुलसावंगीजवळ
१० डिसेंबर २०२५

ती. दादाले रुपीचा शि. सा. न.

तुझं पत्र भेटलं. दोन पानं गुडघ्याचं लिहिलं अन् माझ्या गोष्टीचं एक अक्षर नाही. शेवटी एवढंच, का अंजूजवळ बस. मी म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं बी गेलं कानामागं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, तं बसली.

शनिवारी कापूस वेचताना तिच्या तासात, तिच्या ओळीत शिरली. आम्ही एका तासात वेचत नाही, ती सावकाश वेचते, मले दम नाही. चार झाडं झाली अन् मी सांगून टाकलं. नाही म्हटल्यापासून त्या माफीच्या पत्रापर्यंत सगळं. तिचे हात थांबले नाही. म्हणाली, मले ठाऊक आहे. कवापासून म्हटलं, तं त्याच दिवसापासून.

मी उभी राह्यली. आता बोलंल म्हटलं, ओटीतला कापूस फेकंल, माय आहे का वैरीण म्हणंल. दादा, ती तसं बोलली असती तं मी बी बोलली असती. मले भांडता येते, भांडून रडता येते, दुसऱ्या दिवशी च्या मांडता येते. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. ऊन चढलं, पाणी पी म्हणाली. मी पाणी पिलं. दुसरं काय करू. मग दोघीयनं तास पुरा केला.

परवा सोमवारपासून तिनं फुलसावंगीले एका मेडिकलच्या दुकानात जाणं धरलं. तपासायचं काम नाही, गोळ्या काढून द्यायच्या. अर्ज चालू आहेत, सतरा जागी उत्तर यायचं आहे. मी आता मोबाईलले हात लावत नाही, वाजला तरी नाही.

आज सकाळी डबा घेऊन निघाली अन् दारात थांबली. याडी जाऊ का म्हणून विचारलं. पयले कधी विचारत नव्हती, सरळ निघे. माय म्हणून विचारलं, का माझी भीती बसली म्हणून विचारलं, ते मले तिच्या तोंडावरून समजलं नाही. माझ्याच्यानं हो बी म्हणवलं नाही अन् नाही बी नाही. मग सडकेवर गाडीचा आवाज आला, अन् ती गेली.

माझ्यावरची माया थोडी कमी केली तरी चालंल, अंजूवरची करू नको.

तुझी
रुपी