दोन वर्षांची सामनेवाली

वसमत, ४ ऑगस्ट २०२५

चि. मंजुषास, दादाचे अनेक आशीर्वाद.

वकिलाचा सल्ला फुकटच पडला म्हण. नुसती त्यांच्या बोअरची जळकी मोटार नवी तार गुंडाळून भरून द्यावी लागली, आणि दुकान बंद दिसलं म्हणून दोन गिऱ्हाइकं समोरच्याकडं गेली.

तुझ्या नावाआधी काय लिहावं तेच कळंना. शिवशंकरराव गेले, 'सौ.' गेलं. 'गं. भा.' लिहावं, तर कोर्टाच्या कागदावर तू चार वर्षांपासून त्यांची कुणीच न्हाईस. फोन मुद्दाम केला न्हाई. पलीकडं तुझा दीर माऊली उभा असला की त्याचा श्वास मला बेअरिंग गेलेल्या मोटारीसारखा ओळखू येतो.

वकील म्हणाले, नवरा वारला तरी घटस्फोटाच्या हुकूमनाम्याला हरकत घेता येते; त्याच्या जागी त्याचे वारस विरुद्ध बाजूला, सामनेवाले म्हणून उभे करायचे. पण अर्जात खरं लिहावं लागंल, की घटस्फोट नुसता बदलीसाठी होता, घटस्फोटित शिक्षिकेला गाव आधी निवडता येतं म्हणून. नांदणं एक दिवस थांबलं न्हाई. हे लिहिलं की नोकरीवर बेतणार. न्हाई लिहिलं तर आरोही हुकूमनाम्यानंतर दीड वर्षानं जन्मलेली. तिला बापाच्या शेतात वाटा न्हाई, असं माऊली आत्ताच बोलून राहिला.

तरी एक सांगतो, युक्ती माझी फक्कड होती. सेनगावच्या टोकावरून उचलून तुला जवळा बाजारच्या पलीकडं, नवऱ्याच्याच गावच्या शाळेत आणून बसवलं. मंत्र्याच्या वशिल्यानं झालं नसतं ते.

विचार करून कळव. लोभ आहे तो रागावून कमी करू नकोस.

तुझा दादा
देविदास

*

शाळेतून, १२ ऑगस्ट २०२५

ती. दादांस, मंजुषाचा सा. न. वि. वि.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. भाऊजी आता मला वहिनी म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. काल जेवताना विचारलं, मॅडम खोली कधी रिकामी करून राहिल्या. सासूबाई ताटावरून उठल्या. एक लेक गेला, राहिलेल्याच्या घरात दिवस काढायचेत. त्यांना तरी काय म्हणू?

दादा, बदली झाली की पुन्हा लग्न लावायचं ठरलं होतं ना? हे दरवर्षी म्हणायचे, यंदा शेतातली हळद निघाली की लावू. तुम्हीही म्हणायचे, घाई काहून? आता नोकरी गेली तर आरोहीला खाऊ काय घालू, आणि नोकरी राखली तर तिनं बापाचं नाव कशाच्या जोरावर लावायचं?

अर्ज करा. खरं तेच लिहा. आरोहीसुद्धा वारस, म्हणजे तीही माझी सामनेवाली, होय ना? आत्ता माझ्याच पदराला नाक पुसून राहिली आहे.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, तिला आता धीराची जोड द्या.

तुमची
मंजुषा

*

शाळेच्या गावाहून, १९ मार्च २०२६

ती. दादांस, मंजुषाचा सा. न. वि. वि.

काल सासूबाईंची साक्ष झाली. भाऊजींनी जीपमध्ये सगळं पढवून आणलं होतं, की मास्तरीण भाड्यानं राहायची असं सांग. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भाडेकरणीच्या बाळंतपणात शेकशेगडी मी सव्वा महिना काहून केली असती? कोर्टात हसू पिकलं. भाऊजी जीप घेऊन पुढं निघून गेले. आम्ही दोघी एसटीनं आलो. तिकीट त्यांनी माझंही काढलं.

निकाल बाकी आहे. समोरचा वकील म्हणतो, जिनं कोर्टाला फसवलं तिलाच कोर्टानं काहून सोडवावं? आपले वकील त्यावर जुने निकाल शोधून राहिलेत. शाळेतून मला निलंबित केलंय, चौकशी सुरू आहे. त्यामुळे दिवसभर याच घरात असते. भाऊजी ओसरीवर, मी आतल्या खोलीत, आणि सासूबाई मधल्या दारात गहू निवडत बसलेल्या.

आरोही तुम्हाला मोटारमामा म्हणते. येऊन जा, आणि आमच्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची
मंजुषा

ता. क. चौकशीच्या बाबूंनी जुनी माहिती काढून सांगितलं. माझ्या बदलीच्या वर्षी आमच्या गावच्या शाळेसाठी दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता.